जुन्या भट्टीतले तुकडे

१

मालाची गाडी काट्यावर वजन करून रवाना केली आणि धाकटे भाऊ कारखान्यात परतले, तेव्हा थोरले दादा जुन्या भट्टीच्या खड्ड्यात शेवटच्या पायरीवर बसलेले होते. पाठ भिंतीला टेकलेली, हात मांडीवर, मान एका बाजूला कललेली. वरून पाहणाऱ्याला वाटावं, जेवण अंगावर आलं आणि डोळा लागला. धाकट्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग त्यांनी कोपऱ्यातला मोठा पंखा ओढत आणला, खड्ड्याच्या तोंडाशी लावून सुरू केला, आणि खाली उतरले.

पंख्याचा आवाज ऐकून पलीकडच्या शेडमधून मुकादम धावत आला. दोघांनी मिळून दादांना वर घेतलं. अंग अजून कोमट होतं, पण ती ऊब भट्टीची की माणसाची हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, वय झालेलं होतं, भरल्या पोटी पायऱ्या उतरले, हृदय थांबलं. कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. दादांचं सगळं आयुष्य त्या भट्टीशी गेलं होतं. तिथेच गेले, असं म्हणून लोकांनी त्यांच्या पत्नीचं, वहिनींचं, सांत्वन केलं. सगळे विधी उरकले. कारखान्याची नवी भट्टी पुन्हा पेटली. जुनी मात्र तशीच राहिली. तिच्यातली पेटी उघडायला कुणाचा हात धजावला नाही.

दादांची लेक परगावी नोकरीला होती. ती आली, सगळं निमूट पार पाडलं, आणि मग आईला म्हणाली की थोड्याच दिवसांपूर्वी बाबांची तपासणी तिने स्वतः ठरवून करून घेतली होती. हृदय ठणठणीत होतं. वहिनी उठून आत गेल्या. लेक काकांकडे गेली. काकांनीही मान खाली घातली आणि जाऊ दे आता, एवढंच म्हणाले.

ते जाऊ दे तिला सलत राहिलं. मोठ्या कंपनीला कारखाना विकत हवा होता, काकांचा होकार होता आणि बाबांचा नकार, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यांची सुरक्षितता पाहणाऱ्या कचेरीत जाऊन बसली. उठेचना.

"माझे बाबा खड्ड्यात कशाने गेले," ती म्हणाली, "हे मला कुणीतरी नीट सांगा. मग मी जाईन."

२

त्या कचेरीतल्या तपासनीस बाई पन्नाशीच्या होत्या. आधी कॉलेजात धातुशास्त्र शिकवलं, मग या नोकरीत आल्या. त्यांच्या पर्समध्ये एखाद्या दिवशी कंगवा नसेल, पण भिंग असायचंच. कारखानदारांनी त्यांचं नाव भिंगबाई ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना आवडलंही होतं.

त्या आल्या तेव्हा कारखाना चालू होता. छोटासाच होता. दोन शेड, मध्ये अंगण, अंगणात एक झाड. इथे साध्या, कमी कार्बनच्या मऊ पोलादाचे सांधे आणि वाकवलेले नळ यायचे आणि आम्लाला, वाफेला, गंजाला दाद न देणारे होऊन जायचे. पोलादी पेटीत क्रोमची पूड, पांढरी माती आणि थोडा नवसागर एकत्र करून त्यात हे तुकडे पुरायचे, पेटी बंद करून भट्टीत लालबुंद तापवायची. नवसागराची वाफ होते, ती क्रोमला उचलून पोलादाच्या अंगाशी नेते, आणि क्रोम आत मुरतं. वरून चढवलेला मुलामा सोलून निघतो, हा निघत नाही, कारण तो वर नसतोच. पोलादात कार्बन जास्त असला तर मात्र क्रोम वरच अडकून बसतं आणि कडक, ठिसूळ पापुद्रा होतो. म्हणून पोलाद साधं लागतं. दादा म्हणायचे, मऊ माणसाच्याच अंगात गोष्टी मुरतात.

हे मुकादमाने सांगितलं.  तो दादांच्या हाताखाली तयार झालेला, उंचापुरा, कमी बोलणारा माणूस होता.

जुनी भट्टी जमिनीत उतरवलेली होती. भोवती माणूस फिरेल एवढा खड्डा, त्यात उतरायला पायऱ्या. वर, शेडच्या भिंतीशी आर्गॉनचा सिलिंडर उभा होता. त्याच्यापासून निघालेली रबरी नळी खड्ड्यात उतरून पेटीच्या तोटीला जोडलेली होती. भट्टी विझवल्यावर पेटी निवत असताना हा वायू आत सोडत राहायचं, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही आणि गरम तुकड्यांचा रंग बिघडत नाही.

बाईंनी सिलिंडरवरचा काटा पाहिला. जवळजवळ रिकामा. कॉक बंद होता. कॉक कुणी बंद केला, असं विचारलं, तर धाकटे म्हणाले, मीच, दादांना वर घेतल्यावर. सिलिंडर त्या सकाळी कितपत भरलेला होता? मुकादम म्हणाला, अर्ध्याच्या वर होता. त्यानेच आदल्या दिवशी बदलला होता.

मग बाईंनी पेटी उघडायला सांगितली. धाकटे म्हणाले, कशाला उगाच. ते इतक्या पटकन म्हणाले की लेकीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. बाई खड्ड्याच्या कडेवरून हलल्या नाहीत. शेवटी मुकादमाने साखळी लावून पेटी वर काढली, झाकणाच्या कडेची वाळू झाडली आणि पूड बाजूला करत पहिला तुकडा बाहेर काढला.

वाकवलेला नळ होता. तो चांदीसारखा निघायला हवा होता. तो हिरवट निघाला. दुसरा हिरवट. तिसराही.

मुकादम तो हातात धरून तसाच उभा राहिला. "असं होणार नाही," तो म्हणाला. "सिलिंडर संपलाय, नळी जोडलेली आहे. वायू आत गेलाय."

"आत गेला असता तर हे हिरवे झाले नसते," बाई म्हणाल्या. "हे क्रोमचं गंजणंच आहे. गरम असताना त्यांना हवा लागली."

त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. खाली शेवटची पायरी दिसत होती.

"मग तेवढा वायू गेला कुठे?" लेकीने विचारलं.

३

आर्गॉनला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड असतो, म्हणून खड्ड्यात पाण्यासारखा साचतो. माणूस त्यात उतरला तर घुसमट होत नाही, खोकला येत नाही. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते आणि नंतर कोणत्याही डॉक्टरला नुसत्या पाहण्यातून कळत नाही. बाईंनी हे लेकीला अंगणातल्या झाडाखाली बसवून, सावकाश सांगितलं.  मग तिने एवढंच विचारलं, की त्रास झाला असेल का. बाई म्हणाल्या, नाही. ते खरंच होतं, त्यामुळे सांगणं सोपं गेलं.

पण पुढचं सोपं नव्हतं. नळी पेटीला जोडलेली असताना खड्डा वायूने भरत नाही. म्हणजे दादा खाली उतरले तेव्हा ती सुटलेली होती आणि नंतर कुणीतरी ती परत जोडली होती. दादांना सगळ्यांत आधी पाहिलं ते धाकट्यांनी.

आणि पंखा. मुकादमाने तो प्रसंग सांगताना पंख्याचा उल्लेख सहज केला होता. भाऊ खाली पडलेला दिसला तर माणूस धावत पायऱ्या उतरतो. जो आधी पंखा आणून लावतो, त्याला खाली काय आहे ते ठाऊक असतं.

बाई धाकट्यांच्या खोलीत गेल्या. टेबलावर त्या दिवशी रवाना झालेल्या मालातला एक जास्तीचा नळ ठेवलेला होता. त्यांनी भिंग लावून पाहिला. स्वच्छ, चांदीसारखा, कुठेही डाग नाही. माल उत्तम होता आणि त्याच दिवशी गेला होता. मग जुन्या भट्टीत त्याच आकाराचे नळ कुणासाठी तापत होते? धाकटे म्हणाले, पुढच्या खेपेसाठी. पुढची खेप तर नव्या भट्टीत होती, मुकादमाने तसं सांगितलं होतं. धाकट्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला.

कारखाना विकण्याबद्दल विचारलं, तेव्हा ते लपवाछपवी न करता बोलले. हो, विकायचा होता. दादांना विकायचा नव्हता. त्यावरून दोघांत वाद झाला होता, अंगणात, सगळ्यांसमोर. पण वादानंतर दादा संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन जेवले होते आणि वादाचं जणू त्यांना काही आठवतच नव्हतं. 

तिथून बाई घरी गेल्या. वहिनी अंगाने किरकोळ, पण पाठ ताठ. कारखाना सुरू झाला तेव्हा नवऱ्याबरोबर पेट्या भरायला त्या स्वतः बसत. लेक झाल्यावर सुटलं. नंतर फक्त दुपारचा डबा न्यायच्या. त्या दिवशीही नेला होता. मी शेडमधूनच गेले, त्या म्हणाल्या, भट्टी विझलेली होती, वायू सुरू असल्याचा काटा वर होता, सगळं व्यवस्थित होतं. हे अंगणात मुकादमाबरोबर पूड चाळत बसले होते. झाडाखाली तिघे जेवलो. मी डबा घेऊन निघाले, हे शेडकडे वळले.

बोलता बोलता त्या उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन शेगडी बंद आहे का ते पाहून आल्या आणि परत बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा उठल्या, मोरीतला नळ पाहून आल्या. बाईंनी विचारलं नाही. पण निघताना लेक दारापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "आईचं हे मागच्या खेपेपासून पाहतेय. बाबा उठून गेले की ही त्यांच्या मागोमाग जायची. नळ बंद कर, दिवा बंद कर, दाराला कडी लाव. त्यांना एका शब्दाने बोलायची नाही."

बाईंनी हिरव्या नळांपैकी एक पर्समध्ये टाकला होता. तो त्यांना जड वाटू लागला.

४

प्रयोगशाळेत त्यांनी तो नळ आडवा कापला, कापलेली बाजू आरशासारखी घासली आणि तिच्यावर आम्लाचा थेंब सोडला. साधं पोलाद आम्लाने काळवंडतं. क्रोम मुरलेला भाग पांढरा राहतो. चांगल्या कामात कडेने दोऱ्याएवढी बारीक पांढरी रेघ दिसते. बाईंनी टेबलावरून आणलेला दुसरा, रवाना झालेल्या मालातला नळ आधी पाहिला. दोऱ्याएवढी रेघ, सारखी, सुंदर.

मग त्यांनी हिरवा नळ सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. त्यांनी डोळा बाजूला घेतला, काच पुसली, पुन्हा लावला.

रेघ नव्हतीच. कडेला वहीच्या समासाएवढा रुंद पांढरा पट्टा होता.

क्रोम आत जात राहतं तसा त्याचा वेग मंदावतो, कारण त्याला आधीच मुरलेल्या क्रोममधून वाट काढावी लागते. एका खेपेत, कितीही तापवलं तरी, इतकं खोल ते शिरत नाही. हा नळ भट्टीत जाऊन आला होता, मग पुन्हा गेला होता, मग पुन्हा. ताजी पूड, ताजा नवसागर, पूर्ण ताप, दर वेळी. ज्याने केलं त्याने दर वेळी मन लावून केलं होतं. फक्त कामाची गरज पहिल्याच खेपेत संपली होती.

कुणी झालेलं काम पुन्हा पुन्हा का करेल? ज्याला ते झालंय हे आठवत नाही, तो करेल. आणि त्याला ते करू कोण देईल?

बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला. त्यांना संध्याकाळी भावाकडे जेवून गेलेले, सकाळचा वाद विसरलेले दादा आठवले, नवऱ्याच्या मागोमाग नळ बंद करत फिरणाऱ्या वहिनी आठवल्या. मग दोन्ही कापलेले तुकडे रुमालात बांधून कारखान्याकडे निघाल्या.

५

धाकट्यांच्या टेबलावर त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग पुढे केलं. धाकट्यांनी भिंग घेतलं नाही. त्यांना पाहायची गरज नव्हती.

"तेच नळ किती महिने देत होता त्यांना?" बाईंनी विचारलं.

धाकट्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सांगू लागले, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबले नाहीत.

दादा विसरू लागले होते. आधी माणसांची नावं, मग कामाचा क्रम. एकदा पेटीत नवसागर घालायचा राहिला, एकदा भट्टी विझवायची राहिली. एका रंगाच्या कारखान्यात आम्लाची वाफ नेणाऱ्या नळांवर बसणारे सांधे होते ते. कच्चं काम गेलं तर माणसं भाजली असती. डॉक्टरांनी धाकट्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढत जाणार. दादांना घरी बसवा, हे सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून धाकट्यांनी नवी भट्टी आणली, खरं काम तिच्यावर घेतलं आणि दादांना जुन्या भट्टीवर एका टोपलीतले तेच ते नळ देत राहिले. माल निघाला की दादा खूश. धाकटे ते नळ काचकागदाने घासून पुन्हा कोरे दिसतील असे करत आणि आठवड्याने परत त्यांच्यापुढे ठेवत. हे फक्त धाकट्यांना आणि मुकादमाला माहीत होतं. दादांनी एकदा एक नळ हातात फिरवून म्हटलं होतं, ओळखीचा वाटतो रे. आणि हसले होते. त्यांना कळलं होतं का, याचं उत्तर धाकट्यांना त्या दिवशीही नव्हतं आणि पुढेही मिळालं नाही.

कारखाना विकायचा होता तोही त्यासाठीच. कुणी विकत घेतला असता तर दादांना काम नाही म्हणून घरी बसता आलं असतं, जमत नाही म्हणून नव्हे.

त्या दिवशी वायूची गाडी आली नव्हती. नव्या भट्टीचा सिलिंडर संपत आला होता आणि आत खरा माल होता. जुन्या भट्टीत काय, तेच नळ. रंग बिघडला तर बिघडला. धाकट्यांनी तिथला कॉक बंद केला, खड्ड्यात उतरून नळी पेटीपासून सोडवली, ती नव्या भट्टीकडे न्यायची म्हणून. एवढ्यात बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. काट्यावर रांग लागायच्या आत निघायला हवं होतं. नव्या भट्टीचा सिलिंडर तोवर पुरेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी नळीचं टोक तसंच खड्ड्यात लोंबत सोडलं आणि गाडीबरोबर गेले.

परत येऊन पाहतात तर कॉक उघडा, नळीतून फुसफुस आणि खाली दादा.

"मी आधी पंखा लावला, बाई. दोघेही गेलो असतो तर वहिनीला कोण होतं." त्यांचा आवाज सपाट होता. "संध्याकाळी सगळे घरी होते तेव्हा येऊन नळी जोडली. लोक म्हणतील, कारखान्यासाठी भाऊ मारला. लेक तर आताही तेच म्हणते. मला वाटलं, दादांनी कॉक बंद पाहिला, सवयीने उघडला. त्यांच्याच हातून झालं. मग कशाला बोलायचं."

लेक दारात उभी होती. ती कधी आली ते कुणालाच कळलं नव्हतं. ती पुढे आली आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. इतके दिवस ती त्यांच्या शेजारी बसली नव्हती.

बाई मात्र टेबलाकडे पाहत होत्या. धाकटे गाडीबरोबर निघाले तेव्हा दादा कुठे होते, हे त्यांनी विचारलं. अंगणात, मुकादमाबरोबर पूड चाळत. मुकादमाला बोलावलं. तो म्हणाला, हो, गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधीपासून दादा माझ्याजवळ होते. जेवायला हाक येईपर्यंत उठले नाहीत.

कॉक बंद करून धाकटे गेले. दादा अंगणातच होते, मुकादमही. आणि जेवणाच्या आधी शेडमधून गेलेल्या एका माणसाने काटा वर, म्हणजे वायू सुरू असल्याचं पाहिलं होतं.

बाईंनी दोन्ही तुकडे परत रुमालात बांधले. धाकट्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे, आणि त्यांचा रंग उतरला.

"नाही," ते हळूच म्हणाले. "बाई, हे नका लिहू. मी उघडा ठेवला होता म्हणून लिहा. बंद करायला विसरलो म्हणून लिहा. मला काय व्हायचं ते होऊ दे."

६

बाईंनी आयुष्यात बरेच तुकडे कापून पाहिले होते. त्यांतून निघालेलं खरं त्यांनी न डगमगता लिहिलं होतं. त्या दिवशी मात्र घराच्या फाटकाशी त्या थांबल्या. धाकट्यांनी वाटेत पुन्हा पुन्हा तेच सांगितलं होतं. ती बिचारी नवऱ्याला सांभाळत होती, तिला हे कळलं तर ती उरणार नाही.  लेकीलाही तेच हवं होतं, हे दिसत होतं.

वहिनी पुढच्या खोलीत वाट पाहत बसल्या होत्या. बाई बसल्या. धाकटे बाहेरच, ओट्यावर थांबले. लेक आईच्या पाठीमागे उभी राहिली. बाईंनी दादांच्या मृत्यूचं कारण सांगितलं, वायू सांगितला, नळीचं सांगितलं. जुन्या भट्टीतल्या नळांचंही सांगितलं. वहिनींना ते माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

"भाऊजींनी केलं हे? त्यांच्यासाठी?"

"हो."

"आणि कॉक?"

बाई क्षणभर थांबल्या. तेवढं थांबणं पुरलं.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "मी घरात त्यांच्या मागून फिरत होते. नळ राहिला, शेगडी राहिली, मी बंद करायची आणि काही झालंच नाही असं दाखवायची. तिकडे भाऊजी त्यांच्या मागून तेच करत होते. मला सांगितलं नाही, मी त्यांना सांगितलं नाही. आता तुम्ही माझ्या मागून पुसताय. माझ्याशी तसं वागू नका. मी विसरलेली नाही. मला सगळं आठवतंय."

लेकीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनींनी तो काढला नाही.

"तुम्ही शेडमधून गेलात तेव्हा कॉक बंद होता," बाई म्हणाल्या. "नळी सुटलेली तुम्हाला वरून दिसण्यासारखी नव्हती. तुम्हाला वाटलं, हे पुन्हा विसरले."

"भट्टी निवतेय आणि वायू बंद. माल हिरवा झाला असता आणि त्यांना भाऊजींसमोर मान खाली घालावी लागली असती." वहिनी बोलत राहिल्या. "मी उघडला. काटा वर आला तो पाहिला आणि मग जेवायला हाक मारली. जेवताना ते खूश होते. म्हणाले, आजचा माल छान निघणार."

 

"माझ्या हातून झालं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते प्रश्नासारखं म्हटलं नव्हतं, तरी बाईंनी उत्तर दिलं. त्या म्हणाल्या की कॉक तुम्ही उघडला, नळी धाकट्यांनी सोडवली, आणि त्या खड्ड्यात वायू साचू शकतो याची सूचना देणारं यंत्र तिथे असायला हवं होतं ते नव्हतं. मी हे तिन्ही लिहीन. जसं झालं तसं. कुणाचंही वगळणार नाही आणि कुणाच्याही नावावर जास्तीचं टाकणार नाही. धाकट्यांना कचेरीत उत्तर द्यावं लागेल, नळी परत जोडल्याचंही. कारखान्याला खड्डा बुजवावा लागेल.

वहिनींनी मान हलवली. मग त्यांना रडू आलं. इतक्या दिवसांत त्या लेकीसमोर रडल्या नव्हत्या. लेक खाली बसली, आईचं डोकं मांडीवर घेतलं, आणि लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवत राहिली. बाई उठून खिडकीशी गेल्या. ओट्याच्या पायरीवर धाकटे बसलेले दिसत होते, पाठमोरे. आतलं सगळं त्यांच्या कानावर जात असणार.

बऱ्याच वेळाने वहिनी उठल्या, तोंड धुऊन आल्या. या खेपेला शेगडीकडे गेल्या नाहीत. दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आत या."

धाकटे उठले, पण उंबऱ्याशी घुटमळले. वहिनींनी त्यांच्यासाठी पाट सरकवला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसल्या. बाईंनी पर्स उचलली. आता इथे त्यांचं काम नव्हतं. पण वहिनींनी हातानेच बसा असं खुणावलं, म्हणून त्या कडेला बसल्या.

"मला सुरुवातीपासून सांगा," वहिनी धाकट्यांना म्हणाल्या. "काय काय विसरले, काय काय केलं तुम्ही. काही गाळू नका."

 पेटीत नवसागर राहिला त्या दिवसापासून धाकटे सांगू लागले. दादा रिकामा डबा हातात धरून कसे उभे होते, आणि आता यात काय घालायचं असं त्यांनी मुकादमाला कसं हळूच, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही असं विचारलं. 

वहिनींनी त्यांना थांबवलं.

"त्याच्या आधीचं तुम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते मी सांगते."